गोळ्या बंद होणार, मग झोप का उडाली?

प्रश्न : ताई नमस्कार. माझा मुलगा आता 7 वर्षांचा आहे, साडेचार वर्षांचा असताना त्याला ब्लड कॅन्सर निघाला, एएलएल. परळला ट्रीटमेंट झाली, सुरुवातीचे आठ महिने आम्ही दोघं तिथेच धर्मशाळेत होतो, मेंटेनन्स (घरी गोळ्या घ्यायचा शेवटचा टप्पा) लागल्यावर साताऱ्याहून एसटीने येजा. पुढच्या महिन्यात शेवटच्या गोळ्या. सासूबाईंनी सत्यनारायण ठरवलाय, मिस्टर म्हणतात आता विषय संपला, ती फाईल माळ्यावर टाक. मला मात्र रात्री झोपच येत नाही. गोळी देत होते तोवर वाटायचं आपण काहीतरी करतोय, आता नुसतं बघत बसायचं का? शाळेत पाठवू का, उकळलेलं पाणी किती दिवस? मोठी मुलगी इतके दिवस आजीकडे होती, ती माझ्याशी धड बोलत नाही. सगळे खूश आहेत आणि मीच रडते, वेड लागलंय का मला?
– एक आई, सातारा

उत्तर : वेडबिड काही नाही. कीमोच्या धावपळीत रडायला फुरसत कुठे होती, ते आता निघतंय. रोज रात्रीची सिक्स-एमपीची गोळी, ठरलेल्या वारी मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या, सोमवार ते शुक्रवार एक आणि शनि-रवि अर्धी असले हिशोब तुम्ही दोन वर्षं डोक्यात वागवलेत, ते एकदम थांबल्यावर हात रिकामे वाटणारच. काही आया तर डॉक्टरांना विचारतात की अजून सहा महिने देऊ का गोळ्या. पण ठरलेल्या मुदतीपुढे औषध ताणून फायदा होत नाही, त्रास तेवढा वाढतो, म्हणून थांबवतात.

आणि नुसतं बघत बसायचं नाहीये. आजार उलटायची शक्यता पहिल्या दोन-तीन वर्षांत जास्त असते, नंतर कमी होत जाते, हे मी तुमच्यापासून लपवत नाही, म्हणून तर सुरुवातीला तपासणी आणि सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी लवकर लवकर असतात. तारखा कॅलेंडरवर लिहा, मधल्या दिवसांत रोज अंगावरचे डाग आणि मानेतल्या गाठी चाचपू नका, पोराला कळतं ते. ताप आला तर मात्र पहिले काही महिने अजूनही लगेच फोन करायचा, कारण प्रतिकारशक्ती सावरायला वेळ लागतो. इन्फेक्शन होऊ नये म्हणून देतात ती सेप्ट्रान चालू असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत बंद करू नका. लसी साधारण सहा महिन्यांनी परत सुरू करतात, तेही त्यांनाच विचारून. शाळा? डॉक्टर हो म्हणाले की पाठवा, फक्त वर्गात कुणाला गोवर-कांजिण्या आल्या तर त्याच दिवशी मला कळवा असं बाईंना सांगून ठेवा. उकळलेल्या पाण्याचं येत्या व्हिजिटला विचारा आणि ते सांगतील त्या दिवशी खरंच थांबवा, नाहीतर कॉलेजात जाईपर्यंत उकळत बसाल.

फाईल माळ्यावर अजिबात नको! मिस्टरांनाही भीतीच वाटत असणार, ते ती माळ्यावर टाकून मोकळे होऊ बघतायत एवढंच. डॉक्टरांकडून शेवटचा समरी कागद मागून घ्या, कुठली औषधं, एकूण डोस किती, विशेषतः डॉनोरुबिसिन-डॉक्सोरुबिसिन ही कीमोची औषधं, कारण त्यांचा हृदयावर परिणाम पुढे कधी दिसू शकतो आणि त्यासाठी टू-डी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करतात. मुलगा पंचविशीत पुण्याला नोकरीला लागला की तिथल्या डॉक्टरला हे कोण सांगणार? टाटा मेमोरियलमध्ये ट्रीटमेंट संपलेल्या मुलांसाठी 1991 पासून वेगळं एसीटी (आफ्टर कम्प्लिशन ऑफ थेरपी) क्लिनिक आहे, तुमची ट्रीटमेंट तिथलीच असेल तर त्याची चौकशी करा. इंडियन कॅन्सर सोसायटीचा ‘उगम’ म्हणून ग्रुप आहे, लहानपणी कॅन्सर होऊन गेलेली, आता मोठी झालेली मुलंमुली त्यात आहेत. त्यातल्या एखाद्या नोकरीवाल्या मुलाशी दहा मिनिटं बोललात तर माझ्या या पानभर उत्तरापेक्षा जास्त उपयोग होईल.

पूजा घाला की, सासूबाईंनीही कमी नाही सोसलंय. फक्त सर्दी-खोकलावाल्यांना लांबून प्रसाद, आणि पाव्हण्यांसमोर पोराला उभं करून कहाणी सांगत बसू नका, त्याला आवडेल का ते आधी विचारा.

मुलीचं मात्र मला जास्त वाटतं. भाऊ कुठे गेला, आई का गेली, तिला कुणी नीट सांगितलंय का? ‘तू मोठी ना, समजून घे’ हे तिने भरपूर ऐकलं असेल. एकदा तिच्यासमोर सरळ म्हणा, तुला सोडून राहावं लागलं, मलाही फार वाईट वाटलं. ती चिडली तर चिडू दे. आणि पुढच्या तपासणीला तिलाही घेऊन जा परळला, तुम्ही राहायचात ती खोली, डबा घ्यायचात ती जागा, सगळं दाखवा. एसटीत खिडकीची सीट या वेळी तिला.