12 वर्षांच्या मुलाच्या घोट्याचं प्लास्टर निघालं. फिजिओथेरपी खरंच लागते का, की तेलानं चोळून भागेल?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलाचा घोटा कबड्डीत मुरगळला, तीन आठवडे प्लास्टर होतं, डॉक्टरांनी फिजिओ सांगितलीय, सासूबाई म्हणतात चोळून घ्या, आणि पुढच्या महिन्यात शाळेचे सामने आहेत.

फिजिओ लागते. पण रोज क्लिनिकमध्ये जाऊन मशीन लावून घेणं म्हणजे फिजिओ असं वाटत असेल, तर तेवढी नाही लागत. मी नागपुरातच फिजिओथेरपिस्ट आहे. शाळांचे सामने जवळ आले की असे घोटे घेऊन पोट्टे येतातच.

आधी तेलाचं. पोटरीवर हलक्या हातानं लावा, प्लास्टरखाली कोरडी पडलेली कातडी मऊ होते आणि सासूबाईंचाही मान राहतो. घोटा जोर देऊन चोळणं, कट् आवाज येईपर्यंत ओढणं मात्र बिलकुल नको. या वयात हाडाच्या टोकाशी ग्रोथ प्लेट असते, हाड तिथूनच लांबीला वाढतं. मुलग्यांमध्ये ती साधारण 16-17 व्या वर्षापर्यंत उघडी असते, मुलींमध्ये त्याआधी मिटते. ती लिगामेंटपेक्षाही (हाडांना एकमेकांशी बांधणाऱ्या पट्ट्यापेक्षाही) नाजूक. त्यामुळे जिथे मोठ्या माणसाचं लिगामेंट ताणलं जातं, तिथे पोराच्या ग्रोथ प्लेटलाच इजा होऊ शकते, आणि ती एक्स-रेत दरवेळी दिसते असं नाही. (कोपर असतं तर मी आणखी कडक बोलले असते. दुखावलेलं कोपर चोळून, जबरदस्तीनं सरळ करून स्नायूत हाड तयार झाल्याची उदाहरणं आमच्या पुस्तकांत आहेत. उलट मुलांचं कोपर साध्या फ्रॅक्चरनंतर बहुतेकदा खेळताखेळताच मोकळं होतं.)

आता फिजिओ कशासाठी? दोन्ही पाय शेजारी ठेवून बघा, एक पोटरी बारीक दिसेल. ती भरून येते, तिची एवढी काळजी नाही. खरी अडचण तोलाची. पाय किती वळला, जमीन कशी आहे, हे घोट्यातून मेंदूला कळत असतं. मुरगळल्यावर ही खबर उशिरा पोचते आणि सावरायच्या आत पाय पुन्हा वळतो. दुखणं थांबलं तरी हे तसंच राहू शकतं. आजच बघा: अनवाणी, भिंतीजवळ, तुम्ही शेजारी उभ्या राहा. आधी चांगल्या पायावर उभं करा, मग दुखऱ्या. फरक मुलालाच कळेल, आणि मग व्यायामाला मागे लागावं लागत नाही.

व्यायाम साधे असतात. बसून अंगठ्यानं हवेत बाराखडी गिरवणं, बोटांनी टॉवेल गोळा करणं, व्यायामाचा रबर बँड लावून पाय चारही दिशांना ढकलणं, टाचा उचलणं. मग एका पायावर उभं राहून चेंडू झेलणं. हे घरीच, रोज. पुढे न लंगडता चालणं, सरळ धावणं, वळत धावणं, एका पायावर उड्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज आली किंवा लंगडला, की एक पायरी मागे.

सामन्याचं म्हणाल तर कबड्डीत विरोधी खेळाडू घोट्यालाच पकड घालतो. नुसतं धावता येणं त्यासाठी पुरेसं नाही. दुखऱ्या पायावरची उडी चांगल्या पायाच्या जवळपास जात नाही आणि सरावात पकड सहन होत नाही, तोवर मी त्याला चढाईला सोडणार नाही. पुढचा महिना मला तरी घाईचा वाटतो. सरांना आताच सांगून ठेवा, ऐन वेळी नाव काढलं की पोरगं जास्त हिरमुसतं.

क्लिनिक धंतोली-रामदासपेठेत पुष्कळ आहेत, खर्चाचा प्रश्न असेल तर मेडिकलमध्येही, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, फिजिओथेरपी विभाग आहे. कुठेही गेलात तरी एक बघा: घरी काय करायचं हे न शिकवता नुसतं मशीन लावून झोपवत असतील, तर दुसरीकडे जा. अल्ट्रासाउंडचं मशीन (सोनोग्राफीचं नव्हे, फिजिओच्या उपचाराचं) तर उघड्या ग्रोथ प्लेटवर लावणं आम्ही टाळतोच. आणि घोट्याच्या हाडावर बोट दाबल्यावर नेमकं तिथेच दुखत असेल, रात्री दुखण्यानं जाग येत असेल किंवा तो पाय टेकवतच नसेल, तर व्यायाम सुरू करण्याआधी हाडाच्या डॉक्टरांना परत दाखवा.