भाचा मंडळापुढे बोलला, पण तक्रार कोणी दिली?

प्रश्न: माझा भाचा १५ वर्षांचा आहे. मोबाईल चोरीच्या प्रकरणात त्याला बाल न्याय मंडळापुढे नेलं. तिथे त्याने परिवीक्षा अधिकारी (मुलाच्या घरची चौकशी करून मंडळाला अहवाल देणाऱ्या) मॅडमना सांगितलं, की सावत्र वडील पट्ट्याने मारतात आणि दप्तरात दारूच्या बाटल्या घालून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवी नाक्यापलीकडे पाठवतात. आता मंडळच सरकारी वकिलांना कळवून त्यांच्यावर केस घालेल ना? बहीण अडकेल का? – एक मावशी, पेडणे

उत्तर: ताई, मंडळात तुम्हाला दिसलेले सरकारी वकील भाच्याच्या मोबाईलपुरते. सावत्र वडिलांचं प्रकरण सरकारी वकिलांपर्यंत जायचं तर आधी पोलिसांत गुन्हा, मग तपास, मग आरोपपत्र. ते आपोआप होईल म्हणून थांबू नका.

बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ८ मंडळाला अधिकार देतं: समोर आलेल्या मुलावरच कोणी गुन्हा केला असेल, तर पोलिसांना एफआयआर नोंदवायचा आदेश द्यायचा. पण कलमात ‘तशी तक्रार आल्यावर’ असे शब्द आहेत. मॅडमनी अहवालात लिहिलं असेलही, पण अहवाल म्हणजे तक्रार नव्हे. तो गोपनीय असतो, त्याची प्रत मागत फिरू नका. साध्या कागदावर मंडळाच्या प्रमुख असलेल्या प्रधान दंडाधिकाऱ्यांच्या नावे स्वतंत्र अर्ज द्या आणि पोच घ्या.

नुसतं ठाण्यावर गेलात तर बहुधा ‘हे अदखलपात्र’ असं ऐकाल, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. ते अगदीच खोटं नाही. बाल न्याय कायद्यात मुलाला दारू वाहायला लावणं, कलम ७८, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी; क्रौर्य, कलम ७५, तीन वर्षांपर्यंत. तरी १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हे गुन्हे अदखलपात्र झाले. सात वर्षांचा गुन्हा आणि पोलिसांनी आदेशाची वाट बघायची, हे मला आजही पटत नाही. म्हणूनच अर्जात एफआयआरच्या आदेशाबरोबर तपासाची परवानगीही मागा.

गोव्यात आणखी एक दार आहे: गोवा बाल कायदा, २००३, त्यातलं मुलांच्या छळाबद्दलचं कलम ८, आणि त्यासाठी पणजीचं बाल न्यायालय. मात्र मोघम लिहू नका. भांडणात एखादा फटका लागला, एवढ्याने या कायद्याखालचा छळ होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये गोव्यातल्याच खटल्यात म्हटलंय. तेव्हा पट्टा कधी, किती वेळा, वळ कोणी पाहिले, शाळा कोणत्या दिवशी बुडाली, सगळं लिहा. वळ ताजे असतील तर आजच सरकारी दवाखान्यात नेऊन नोंद करून घ्या.

त्याच अर्जात, मुलाला बालकल्याण समितीकडे (मुलाने कुठे राहायचं, हे ठरवणाऱ्या) पाठवा अशी विनंती करा. मारणाऱ्याबरोबर राहणारं मूल कायद्याने ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं’ ठरतं. समितीपुढे तुम्ही म्हणा, ‘मी सांभाळते.’ समिती तुमच्या घरची चौकशी करील, त्याचा राग मानू नका. आज रात्रीच धोका वाटला तर अर्जाची वाट न बघता मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा १०९८ लावा.

बहिणीचं विचारलंत. तिला काहीच होणार नाही, असं मी लिहून देणार नाही. मुलाचा ताबा असलेल्याने जाणूनबुजून केलेली हयगयही बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ मध्ये येते. पण ती स्वतः मार खात असेल आणि तुमच्याबरोबर येऊन जबाब देईल, तर बहुतेक ती साक्षीदारच राहील. अर्ज देण्याआधी तिच्याशी बोला, तो माणूस घरात नसताना.

आणि भाच्याचं नाव किंवा फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला असेल तर लगेच काढा. त्याच कायद्याच्या कलम ७४ खाली तो गुन्हा आहे.