टाचेची शीर तुटणं कितपत कॉमन आहे?

प्रश्न: डॉक्टर, माझे मिस्टर ४२ वर्षांचे, रविवारी बॅडमिंटन खेळताना मागून कुणीतरी रॅकेट मारल्यासारखं वाटलं म्हणाले, वळून बघतात तर कुणीच नाही! नंतर कळलं अकिलीस टेंडन (पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी जाड दोरी) तुटलाय. असं किती जणांना होतं?

उत्तर: ताई, मागून मारल्यासारखं वाटलं हे बहुतेक पेशंट अगदी याच शब्दांत सांगतात. तसं बघितलं तर प्रमाण कमीच, लाखात वर्षाला साधारण ५ ते ४० जण, पण त्यात ३० ते ५० वयाचे, आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी एकदम कोर्टवर उतरणारे पुरुष जास्त. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिक्सनी आणि स्टिरॉइडनीही धोका वाढतो, म्हणून हल्ली कुठली औषधं घेतली ते डॉक्टरांना नक्की सांगा. मला खरी काळजी वाटते ती मुरगळलंय समजून तेल चोळत बसणाऱ्यांची. पेशंटला पालथं झोपवून पोटरी दाबली की पाऊल तळव्याच्या बाजूला हलायला हवं, नाही हललं तर लगेच ऑर्थोपेडिककडे न्या, कारण उशीर झाला की तुटलेली टोकं लांब सरकतात. ऑपरेशन प्रत्येकालाच लागतं असं नाही, वेळेत प्लास्टर किंवा पाऊल स्थिर ठेवणारा खास बूट आणि नीट फिजिओ झाली तरी पुष्कळांचं जुळतं, पण खेळायला परत सहा-नऊ महिने तरी धरा.