कैद्याच्या सुटकेची तयारी शिक्षा संपण्याच्या किती आधी सुरू करावी?

शिक्षेच्या पहिल्या दिवसापासून, आणि कागदपत्रांचं काम तरी निदान सहा महिने आधी. संयुक्त राष्ट्रांच्या मंडेला नियमांत (कैद्यांना कसं वागवावं याचे किमान नियम, 2015) नियम 107 शिक्षेच्या सुरुवातीपासूनच सुटकेनंतरचा विचार करायला सांगतो; सहा महिन्यांचा आकडा मात्र त्यात नाही. नियम 108 तर सुटणाऱ्याच्या हाती ओळखपत्र, हवामानाला साजेसे कपडे आणि गावी पोचण्याची सोय हवी, इतक्या बारकाईत जातो.

प्रत्यक्षात अडतं ते पुढच्या गोष्टींवर:

- आधारचा ओटीपी जुन्या, कधीच बंद पडलेल्या मोबाइल नंबरवर जातो. मग बँक खातं, रेशनकार्ड सगळंच लटकतं. नंबर बदलण्याचं काम आतच, शिबिर लावून उरका.
- दुसऱ्या कोर्टाचं वॉरंट बाकी असेल तर माणूस फाटकातूनच परत आत जातो. नावावरच्या सगळ्या केसेस ई-कोर्ट्सवर (कोर्टांच्या सरकारी वेबसाइटवर) आधी तपासा.
- दंड भरला नसेल तर त्याबदल्यातली कैद मूळ शिक्षेनंतर वेगळी भोगावी लागते. घरचे तारीख धरून वाट बघत असतात, त्यांना हे आधीच सांगायला हवं.

कैद्यांचं वर्गीकरण, म्हणजे कोणाला कोणत्या गटात ठेवायचं हे ठरवणं, हाही याच कामाचा भाग आहे. पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता कमी असलेल्याला सराईतांच्या गटात, त्यांच्याच कार्यक्रमात बसवलं तर त्याचं नुकसानच होतं, कारण नव्या ओळखी तिथेच जुळतात. हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

मात्र कच्च्या कैद्यांना (ज्यांचा खटला अजून चालू आहे) हे वेळापत्रक लागू पडत नाही. जामीन कधीही होतो, म्हणून त्यांचे कागद आणि जामीनदाराचा पत्ता पहिल्याच आठवड्यात घ्या.