होल्टर नॉर्मल आला, तरी लूप रेकॉर्डर बसवायचा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ६६ वर्षांचे. तीन महिन्यांपूर्वी सकाळी उठल्यावर उजवा हात लुळा पडला, बोलणं अडखळू लागलं. आता बरेच सावरलेत. एमआरआयमध्ये पक्षाघाताची खूण आहे, पण मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर ठीक, टू-डी इको ठीक, २४ तासांचा होल्टर (छातीला तारा लावून दिवसभराच्या ठोक्यांची नोंद घेणारं यंत्र) नॉर्मल. न्यूरोलॉजिस्ट म्हणतात कारण सापडलेलं नाही, छातीत लूप रेकॉर्डर (त्वचेखाली राहून दीर्घकाळ ठोक्यांची नोंद ठेवणारं छोटं यंत्र) बसवू. खर्च लाखाच्या वर. आणि मामांचं म्हणणं, हे सगळं पैसे काढायचं काम आहे.

मी परळच्या एका रुग्णालयात ईसीजी-होल्टर विभागात टेक्निशियन आहे. औषधांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण होल्टर लावणं आणि त्याच्या पट्ट्या वाचणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे त्या बाजूने नीट सांगू शकते. माझं मत विचाराल तर डॉक्टर बरोबर दिशेने चाललेत. यंत्र लगेच बसवायचं की आधी कमी खर्चाचा मार्ग घ्यायचा, यावर बोलता येईल. पण एका होल्टरवर शोध थांबवू नका.

डॉक्टर शोधतायत ते एट्रियल फिब्रिलेशन, आमच्या बोलण्यात एएफ. यात हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते, तिच्यात रक्त साचून गुठळी धरते. ती सुटली की मेंदूकडे जाऊ शकते. एएफ असलेल्या माणसाला पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट असतो. आणि अनेकांमध्ये ते येऊन-जाऊन असतं. आज दोन तास येईल, मग महिनाभर पत्ता नाही. एका दिवसाच्या होल्टरवरून एएफ नाही असं ठरवणं म्हणजे मे महिन्यात एक दिवस, पावसाळ्यात हमखास तुंबणाऱ्या हिंदमाताला उभं राहून इथे पाणी तुंबत नाही असं सांगणं.

‘बाबांना कधी धडधड होत नाही’ असं तुम्ही लिहिलंय, त्यावर विसंबू नका. २०१४ मध्ये क्रिस्टल एएफ नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कारण न सापडलेल्या पक्षाघाताचे ४४१ रुग्ण होते. अर्ध्यांना त्वचेखाली यंत्र बसवलं, बाकीच्यांची नेहमीसारखी तपासणी केली. वर्षभरात यंत्रवाल्यांपैकी १२.४ टक्क्यांमध्ये एएफ सापडलं, दुसऱ्या गटात २ टक्क्यांमध्ये. तीन वर्षांनी हेच आकडे ३० आणि ३ असे झाले. ज्यांच्यात सापडलं त्यांच्यापैकी बहुतेकांना त्या वेळी काहीच जाणवलं नव्हतं. आणि पहिल्या वर्षात ज्यांच्यात सापडलं, त्यांतल्या निम्म्यांना त्यासाठी ८४ दिवसांहून जास्त वेळ लागला. चोवीस तासांत काय हाती लागणार?

आता शोधायचं कशाला, तर सापडलं की औषध बदलतं. बाबांना सध्या ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असणार. एएफ असेल तर ते पुरेसं नसतं. तेव्हा अपिक्साबॅन, डॅबिगाट्रान, रिव्हरॉक्साबॅन किंवा वॉरफरिन यांसारखी, रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी लागते, आणि तिने अशा रुग्णांमधला पक्षाघाताचा धोका जवळपास दोन तृतीयांशाने कमी होतो.

इथे प्रत्येक नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतो: मग थेट तीच गोळी का नाही देत, यंत्राचे पैसे तरी वाचतील? हे करून पाहिलंय. कारण न सापडलेल्या, गुठळीमुळे झाल्यासारख्या वाटणाऱ्या पक्षाघातात २०१८ मध्ये रिव्हरॉक्साबॅनचा आणि २०१९ मध्ये डॅबिगाट्रानचा मोठा अभ्यास आला. दोन्हींत ॲस्पिरिनपेक्षा सरस फायदा दिसला नाही. रिव्हरॉक्साबॅनच्या गटात तर गंभीर रक्तस्राव जास्त झाले. २०२४ मध्ये अपिक्साबॅनच्या अभ्यासातही ॲस्पिरिनपेक्षा सरस फायदा दिसला नाही. तेव्हा कोणी ‘सावधगिरी म्हणून चालू करून टाकू’ म्हणालं, तर कशाच्या आधारावर ते जरूर विचारा.

मधला मार्गही आहे. छातीवर चिकटवायचा पॅच येतो, तो सात ते चौदा दिवस राहतो. काही ठिकाणी ३० दिवसांचा रेकॉर्डरही मिळतो. कॅनडातल्या एम्ब्रेस अभ्यासात (तोही २०१४ चाच, ५५ वर्षांवरचे ५७२ रुग्ण) ३० दिवसांच्या रेकॉर्डरने १६.१ टक्के लोकांमध्ये एएफ सापडलं, आणखी एकदा २४ तासांचा होल्टर लावून फक्त ३.२ टक्क्यांमध्ये. पैशांची खरोखर ओढाताण असेल, तर आधी लांब मुदतीचा पॅच आणि त्यात काही नाही मिळालं तर लूप रेकॉर्डर, हा क्रम चालेल का असं डॉक्टरांना सरळ विचारा. लाज वाटायचं कारण नाही, आमच्याकडे लोक रोज विचारतात.

पॅच किंवा होल्टर लावणार असाल तर मुंबईत एक गोष्ट सांभाळायला लागते, ती म्हणजे घाम. ऑक्टोबरमध्ये माणूस विरार फास्टने उभा येतो-जातो, शर्टाच्या आत इलेक्ट्रोडची कड सुटते, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या स्क्रीनवर ठोक्यांच्या जागी नुसतं गवत उगवलेलं असतं. असे तास वाचताच येत नाहीत. म्हणून लावताना छातीवरचे केस काढू द्या, त्या दिवशी तेल किंवा पावडर नको, त्वचा पूर्ण कोरडी होऊ द्या. सुती, सैल शर्ट घाला. आंघोळीचं काय ते लावणाऱ्याला विचारा, कारण काही पॅचवर पाणी चालतं, साध्या होल्टरवर नाही. सोबत दिलेली डायरी भरा. ‘१०:४०, दादरचा पूल चढलो, छातीत कसंतरी झालं’ एवढं लिहिलं तरी मला नेमकी ती मिनिटं उघडून बघता येतात. कोऱ्या डायऱ्या फार येतात, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण तो दिवस पुन्हा मिळत नाही.

स्क्रीनवर मी काय बघते तेही सांगते. प्रत्येक उंच टोकाच्या आधी एक छोटा उंचवटा असतो, पी वेव्ह. एएफमध्ये तो गायब होतो, खालची रेघ बारीक थरथरते आणि दोन ठोक्यांमधलं कुठलंच अंतर दुसऱ्याशी जुळत नाही. असं सलग ३० सेकंद दिसलं तर एएफ म्हणून नोंद होते. यंत्रंही चुकतात. मध्येच पडणाऱ्या जादा ठोक्यांना ती एएफ समजतात. म्हणून लूप रेकॉर्डर बसवण्याआधी हे नक्की विचारा की त्याचे अलर्ट कोण वाचणार, किती दिवसांनी वाचणार आणि काही सापडलं तर फोन कोण करणार. हे पक्कं नसेल तर महागडं यंत्र छातीत नुसतं पडून राहतं.

बसवण्याची भीती मात्र बाळगू नका. नेहमी वापरलं जाणारं यंत्र साडेचार सेंटिमीटर लांब, ७ मिलिमीटर रुंद आणि ४ मिलिमीटर जाड असतं. छातीच्या डाव्या बाजूला जागा बधिर करून एक सेंटिमीटरहून लहान छेद देतात आणि ते त्वचेखाली सरकवतात. हृदयात तार जात नाही. साधारण तीन वर्षं किंवा जास्त चालतं. पुढे एमआरआय करायचा झाला तर आधी सांगायचं आणि यंत्राचं कार्ड जवळ ठेवायचं.

मामांच्या शंकेत तथ्य कुठे आहे तेही सांगायला हवं. यंत्र काही पक्षाघात थांबवत नाही, ते फक्त पाहतं. यंत्र बसवल्यामुळे दुसरा झटका टळतो, असं या अभ्यासांनी थेट सिद्ध केलेलं नाही. दोन वर्षांनी चार मिनिटांचं एएफ सापडलं, तर तेच मूळ कारण होतं का, यावर डॉक्टरांमध्येही मतभेद असतात. शिवाय ७० वर्षांवरच्या लोकांना, ज्यांतल्या बहुतेकांना आधी पक्षाघात झालेला नव्हता, यंत्र बसवून डेन्मार्कमध्ये मोठा अभ्यास झाला. एएफ अडीचपटीहून जास्त लोकांत सापडलं, पण पक्षाघात लक्षणीय घटले नाहीत. त्यामुळे मामा स्वतःसाठी नको म्हणत असतील तर ते ठीकच. तुमच्या बाबांना झटका येऊन गेलाय, त्यांचा हिशोब वेगळा आहे. आणि शोध चालू असताना रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉलची गोळी, तंबाखू यांत ढिलाई नको. एएफ सापडो न सापडो, ते लागतंच.

खर्चासाठी: पालिकेच्या रुग्णालयात असाल तर वैद्यकीय समाजसेवकांना भेटा, ट्रस्टकडे अर्ज करायला ते मदत करतात. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बल रुग्णांसाठी राखीव असतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागेल. मेडिक्लेम असेल तर तारीख घेण्याआधी लेखी मंजुरी मागा.

पुढच्या भेटीला होल्टरचं फक्त पहिलं पान नेऊ नका, पूर्ण रिपोर्ट न्या. त्यात दोन जागा डॉक्टरांना दाखवा: २४ पैकी किती तास वाचण्याजोगे होते, आणि वरच्या कप्प्यातून येणारे जादा ठोके किती होते. रिपोर्टमध्ये ते पीएसी किंवा सुप्राव्हेंट्रिक्युलर एक्टॉपिक म्हणून असतात. इकोच्या कागदावर डाव्या वरच्या कप्प्याचं माप बघा, तिथे एलए लिहिलेलं असतं. ते ठोके खूप असतील किंवा तो कप्पा मोठा झालेला असेल, तर एएफ सापडण्याची शक्यता वाढते, आणि मग पॅचमध्ये वेळ न घालवता थेट लूप रेकॉर्डरचा विचार करायला मी सांगेन. हे आकडे इथे टाकलेत तर कुठली ओळ कशाची, ते मी सांगू शकेन.