सौंदर्यस्पर्धेच्या तयारीसाठी ठेव मोडावी का?

पुण्यातील कोथरूडहून एका २४ वर्षांच्या वाचक तरुणीने विचारले आहे : "हिंजवडीतील नोकरीतून माझ्या हाती दरमहा ५२,००० रुपये येतात. घरी १५,००० देते, ५,००० एसआयपीत जातात, स्वतःचा खर्च १४,००० होतो. वडिलांनी माझ्या नावावर ५ लाखांची मुदत ठेव ठेवली आहे. पुढील वर्षी राष्ट्रीय सौंदर्यस्पर्धेच्या निवड फेरीत उतरायचे आहे. एका प्रशिक्षण संस्थेने सहा महिन्यांच्या पूर्णवेळ तयारीचे ३,२५,००० रुपये अधिक जीएसटी सांगितले आहेत आणि पहिल्या दहांत नक्की येशील, पण २४ म्हणजे उशीरच झाला, असेही म्हटले आहे. नोकरी सोडून ठेव मोडू, की वैयक्तिक कर्ज काढू?"

तुम्ही स्पर्धेत जरूर उतरावे, असे माझे मत आहे. मात्र त्यासाठी ठेव मोडू नये, वैयक्तिक कर्ज काढू नये आणि नोकरीही सोडू नये.

संस्थेने सांगितलेली रक्कम ही या निर्णयाची खरी किंमत नाही. ३,२५,००० रुपयांवर १८ टक्के जीएसटी धरला, तर शुल्कच ३,८३,५०० रुपये होते. त्यात सहा महिन्यांचा बुडालेला पगार म्हणजे ३,१२,००० रुपये मिळवले, की आकडा ६,९५,५०० रुपयांवर जातो, आणि यात कपडे, छायाचित्रे व प्रवास अजून धरलेलेच नाहीत. ४ लाखांचे वैयक्तिक कर्ज १४ टक्के व्याजाने तीन वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १३,६७० रुपये पडेल आणि व्याजापोटी ९२,००० रुपये जातील. पगार बंद असताना हा हप्ता कुठून भरणार, याचे उत्तर तुमच्या पत्रात नाही. शिवाय कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा नोकरीबरोबरच संपतो. आईवडील त्याच विम्यात असतील, तर त्यांचेही संरक्षण जाते.

परंतु कर्जाला माझा विरोध केवळ व्याजामुळे नाही. अंतिम फेरीत प्रश्न विचारला जातो, तेव्हा विचार करायला काही क्षणच मिळतात. त्या वेळी 'हरले तर हप्त्यांचे काय' ही चिंता मनात असलेली मुलगी मोकळेपणाने बोलू शकत नाही. तयारीला लागणारी मनाची स्थिरता विकत घेता येत नाही, पण चुकीच्या कर्जाने ती हमखास घालवता येते. म्हणून मी नेहमी सांगतो, की पूर्ण बुडाली तरी घरातला एकही व्यवहार अडणार नाही, एवढीच रक्कम स्पर्धेवर लावावी आणि ती आधीच कागदावर लिहून ठेवावी.

तुमच्याकडे दरमहा १८,००० रुपये उरतात. त्यातील १२,००० दहा महिने बाजूला काढले, तर १,२०,००० रुपये जमतात. हीच तुमची मर्यादा समजा. हा पैसा आधी अशा गोष्टींवर घालावा, ज्या निकाल काहीही लागला तरी तुमच्यापाशी राहतील : आवाज, उच्चार, उभे राहण्याची ढब, अनोळखी विषयावर नेमके बोलण्याची सवय. महाविद्यालयात असताना पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतील एकांकिकेत काम केल्याचे तुम्ही लिहिले आहे. ही स्पर्धा होते त्या भारत नाट्य मंदिरात प्रेक्षकांसमोर उभे राहिलेल्या मुलीला रंगमंचाचे भय घालवण्यासाठी लाखांचा वर्ग लागत नाही. उच्चार आणि चालण्याचे वर्ग शनिवार-रविवारी घ्या. मुंबईतील निवड फेरीला सकाळी डेक्कन क्वीनने जाऊन संध्याकाळी तिनेच परतता येते. छायाचित्रांवर कंजुषी करू नका, कारण पहिली चाळणी त्यांच्यावरच होते. कपड्यांवर मात्र हात आखडता ठेवा. १९९४ मध्ये मिस इंडिया आणि पुढे मिस युनिव्हर्स झालेल्या सुश्मिता सेन यांनी स्वतः सांगितले आहे, की त्यांचा मिस इंडियाचा गाऊन दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारातील कापडातून साध्या शिंप्याने शिवला होता. आपल्याकडे कापडाच्या दुकानांचा लक्ष्मी रस्ता आहेच.

समुपदेशकाच्या चार-पाच भेटींसाठी पैसे अवश्य ठेवा. महिनोन्महिने वजन, त्वचा आणि चेहरा यांवर अनोळखी लोकांची मते ऐकणे सोपे नसते, आणि जेवण तोडण्याची सवय याच काळात लागते. त्वचेच्या किंवा चेहऱ्याच्या सौंदर्यशस्त्रक्रियेचा सल्ला कोणी दिला, तर आरोग्य विम्यात असा खर्च सामान्यतः वगळलेला असतो, हे लक्षात असू द्या.

आता 'पहिल्या दहांत नक्की' या आश्वासनाविषयी. निकाल परीक्षक ठरवतात; प्रशिक्षण देणारी संस्था तो ठरवू शकत नाही. हे वाक्य शुल्क परत करण्याच्या अटीसह लेखी मागा. लेखी देण्याचे टाळले, तर एक रुपयाही भरू नका. आधीच काही भरले असेल, तर पावती जपून ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. '२४ म्हणजे उशीरच झाला' हे संस्थेचे दुसरे वाक्यही तपासून घ्या. मिस युनिव्हर्सने २०२४ च्या स्पर्धेपासून वयाची वरची अट काढून टाकली आहे. तुमच्या स्पर्धेची अट त्या वर्षीच्या नियमावलीतच पाहा. निवड झाल्यास सही करण्यापूर्वी करार वकिलाला दाखवा, कारण जिंकलेल्या मुलीचा पुढचा काळ त्याने बांधला जाऊ शकतो.

एखाद्या महिन्यात रक्कम कमी पडलीच, तर ठेव न मोडता तिच्यावर कर्ज घ्या. त्याचा दर ठेवीच्या दरापेक्षा साधारण १ ते २ टक्केच जास्त असतो. तेही तुमच्या १,२०,००० च्या मर्यादेत बसले पाहिजे.

वडिलांना अजून काही सांगितलेले नाही, असे तुम्ही लिहिता. ठेव त्यांनी कष्टाने ठेवली आहे, म्हणून परवानगी मागण्याआधी हा हिशेब त्यांच्यासमोर मांडा आणि ठेव मोडली जाणार नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगा. निवड फेरीची तारीख जाहीर झाली, की त्याच दिवशी रजेचा अर्ज करा.