माग थांबला की जीव घाबरतो

‘मॅडम, कुणी काही बोललेलं नसतंय. घरात सगळं बरं चाललंय. तरी एकदम पोटात गोळा येतोय, आपण काहीतरी मोठा गुन्हा केलाय असं वाटतंय. मला वेड लागायलंय काय?’

बेळगावात समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्यापुढे वेगवेगळ्या तोंडून येतो. कधी खानापूरची शिक्षिका विचारते, कधी निपाणीची कॉलेजातली मुलगी. या वेळी विचारणारा उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये काम करणारा चाळिशीचा माणूस होता. त्याच्या संमतीनं लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

येताना फाइल घेऊन आला होता. ईसीजी, थायरॉइड, साखर, सगळं नॉर्मल. तपासण्या आधी करून घेतल्या हे चांगलंच केलं, छातीत धडधडणाऱ्या प्रत्येकाला मी तेच सांगते. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावरही जाऊन आला होता. त्यालाही माझी ना नसते, माणसाला तिथं हलकं वाटत असेल तर वाटू दे. औषध आणि समुपदेशन तेवढं सोडू नये.

‘हे कधी होतं?’ विचारलं तर म्हणाला, ‘कधीपण.’ कधीपण असं सहसा नसतं. फोनमध्ये नोंद करून ठेवायला सांगितली. पुढच्या भेटीत यादी वाचली: कारखान्यात करंट गेला तेव्हा. बायकोनं मिक्सर बंद केला तेव्हा. एसटी स्टँडवर बसचं इंजिन बंद झालं तेव्हा. आरडाओरडा, भांडण, मोठा आवाज, असं काही सापडेल अशी माझी अटकळ होती. इथं तर प्रत्येक वेळी चालू असलेलं काहीतरी थांबलं होतं. तसं म्हटल्यावर तो बराच वेळ टेबलाकडे बघत बसला. मग म्हणाला, ‘माग.’

बालपण वडगावातलं. घरातच यंत्रमाग, दिवसभर खडखडाट. माग चालू असेपर्यंत आप्पा मागापाशी. धोटा अडकला, सूत तुटलं, करंट गेला की माग थांबायचा आणि समोर दिसेल त्याला मार बसायचा. सहा-सात वर्षांचं पोर शब्दाशिवाय एक गोष्ट शिकलं: आवाज थांबला की लपायचं. आप्पा जाऊन कित्येक वर्षं झाली, माग भंगारात गेला, पण ते शिकणं शरीरात तसंच राहिलं.

याला भावनिक फ्लॅशबॅक म्हणतात. फ्लॅशबॅक म्हटलं की लोकांना वाटतं, डोळ्यांपुढे जुना प्रसंग उभा राहणार. इथं चित्र दिसत नाही. त्या वेळची भीती, लाज, ‘मी अगदी लहान आणि एकटा’ हे वाटणं तेवढं परत येतं. चित्र नसल्यामुळे माणसाला ते आत्ताचंच वाटतं, आणि तो आत्ताचं कारण शोधत बसतो. साहेबाचं तोंड का पडलंय, बायको का गप्प आहे. मेंदूत अमिग्डाला नावाचा भाग धोक्याची घंटा वाजवतो. हिप्पोकॅम्पस हा भाग आठवणीला ‘कधी, कुठं’ याचा संदर्भ देतो. लहानपणी भीती पुन्हा पुन्हा वाट्याला आली की घंटा पक्की शिकते, संदर्भ मात्र कच्चा राहतो. म्हणून मिक्सर बंद झाल्यावर चाळीस वर्षांच्या माणसाचं शरीर वडगावातल्या त्या घरात जाऊन पोचतं.

भावनिक फ्लॅशबॅक हा स्वतंत्र आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या वर्गीकरणात ‘कॉम्प्लेक्स पीटीएसडी’ (दीर्घकाळ किंवा पुन्हा पुन्हा झालेल्या आघातानंतर उरणारा मानसिक त्रास) हे निदान आहे, त्यात असे अनुभव बऱ्याचदा दिसतात. भावना आवरता न येणं, आपण कवडीमोलाचे आहोत असं वाटत राहणं आणि जवळच्या नात्यांत अडचण या गोष्टीही त्यात येतात. निदान मनोविकारतज्ज्ञांनी करायचं, मोबाइलवर वाचून आपलं आपण करू नये. पॅनिक अटॅकशी याची गल्लत होते. पॅनिकमध्ये भीती काही मिनिटांत शिगेला पोचते आणि ‘आता मरतो’ असं वाटतं. इथं लाज आणि हताशपणा जास्त, आणि ते तासन्‌तास, कधी दिवसभरही रेंगाळतं.

‘मग लहानपणचं सगळं एकदा सांगून टाकू काय?’ त्याला घाई होती. मी थांबवलं. पाय जमिनीवर टिकायला शिकायच्या आधी जुनं उकरलं तर माणूस त्यातच बुडतो. आधी शरीराला आजच्या तारखेत आणायचं. मनातल्या मनात म्हणायचं, ‘हे जुनं आहे, आत्ता धोका नाही.’ तळपाय फरशीवर दाबायचे, नळाच्या गार पाण्याखाली हात धरायचे, श्वास सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावायचा. डोळे मिटायचा आग्रह मी धरत नाही, काहींना मिटल्यावर उलट जास्त त्रास होतो.

त्याला यातलं गार पाणी थोडंफार जमलं. खरा उपाय त्याचा त्यानंच काढला. करंट गेल्यावर खिशातला मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, काढतो, हातात असेल तो जॉब (घडवायचा सुटा भाग) त्याच्या जबड्यात धरतो, टोकाची रॅचेट टिकटिक करेपर्यंत फिरवतो आणि उजेडाकडे धरून माप वाचतो. एक शतांश मिलिमीटरपर्यंतचं माप घ्यायचं तर डोळा आणि बोटं तिथंच लागतात. ‘आणि हात दिसतो, मॅडम,’ म्हणाला. ऑइल बसलेली नखं, अंगठ्यावर कापल्याचा जुना वण. हा हात पोराचा नव्हे. नेटवर सापडणाऱ्या पन्नास व्यायामांपेक्षा मला हा एक जास्त पटला.

बायकोला एकदा बोलावलं. तिला वाटायचं नवरा रुसतो. ‘अहो, काय झालं, सांगा की’ असं ती मागं लागायची आणि तो आणखी आखडायचा. आता ती शेजारी बसून ‘साडेआठ झाले, पोरं अभ्यास करायलीत, चहा ठेवते’ एवढंच सांगते.

त्रास अजून होतो. पूर्वी दिवस वाया जायचा, आता बऱ्याचदा अर्ध्या तासात सावरतो. म्हाळाच्या दिवसांत वाढतो, आप्पांना पान वाढताना राग आणि अपराधीपणा दोन्ही येतात. झोप उडाली, दारू वाढली किंवा जगणं नको वाटलं तर एकट्या समुपदेशनावर थांबू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर २०२२ पासून चालू आहे, रात्रीसुद्धा लागतो, मराठीत बोलता येतं. धारवाडला डिमहान्स हे सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे, बेळगावहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं.

त्याचा थोरला भाऊ इचलकरंजीत असतो. तो म्हणतो, ‘आप्पा तसे नव्हते, तू उगाच वाढवून सांगतोस.’ थोरला लवकर घर सोडून कामाला गेलेला, त्यानं कदाचित वेगळे आप्पा बघितले असतील. किंवा त्यालाही आठवायचं नसेल. ‘तुम्ही फोन करून त्याला समजावा,’ असं मला दोनदा सांगून झालंय. मी करणार नाही. भावानं कबूल केलं तरच माझं खरं, ही अट सोडा असं म्हटलं. ‘बघतो,’ म्हणाला. अजून सोडलेली नाही. पुढच्या भेटीत तिथूनच सुरू करायचं आहे.